पाचवा शनिवार कोणाचा?

तुम्हाला म्हणून सांगतो, वेळापत्रक करावं तर मीच! एकतीस वर्षं मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. स्टँडवरच्या जाळीच्या खिडकीतला तो माणूस आठवतो का, जो तुमच्याकडे न बघता "लागेल, लागेल!" म्हणायचा? तोच मी, काशीराम! दोन गाड्या ब्रेकडाउन, तीन ड्रायव्हर रजेवर आणि बाहेर शिमग्याला आलेले चाकरमानी परतायला उभे. अशा वेळी मी फळ्यावर खडूनं अशा काही ठसठशीत वेळा लिहायचो, की माणसं नुसतं वाचूनच शांत व्हायची. गाडी यायची नाही, ही गोष्ट वेगळी.

त्यामुळे भाच्याच्या संसाराचं वेळापत्रक करायची वेळ आली, तेव्हा माझ्याशिवाय दुसरं नाव कोणाच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. म्हणजे माझ्या तरी आलं नाही.

भाचा म्हणजे प्रवीण, माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. बहीण गेली, तेव्हापासून त्याला सल्ला द्यायचं खातं माझ्याकडे आहे. तो महाडच्या एमआयडीसीत पाळीनं कामाला. बायको रेश्मा पोलादपूरची, तिथल्या एका दवाखान्यात काम करते. मुलगी तुळसा, वय वर्षं आठ. नाव पणजीचं, पण सगळे तुळशीच म्हणतात.

प्रवीण आणि रेश्मा, दोघांतलं कोणीच वाईट नाही हो. कोणी कोणावर हात उगारला नाही, कोणाचं बाहेर काही नाही. नुसतं बोलणं आटत गेलं, एप्रिलातल्या विहिरीसारखं. गेल्या माघात रेश्मा दोन पिशव्या आणि तुळशीला घेऊन पोलादपूरला वडिलांकडे गेली, ती परत आली नाही. तेव्हापासून नवराबायको एकमेकांशी एक अक्षर बोलले नव्हते. सगळे निरोप माझ्यामार्फत! "मामा, तिला सांगा." "मामा, त्यांना सांगा." निवृत्त झालो, पण माझी चौकशी खिडकी काही बंद झाली नाही!

शेवटी दोघांनी संमतीनं वेगळं व्हायचं ठरवलं. महाडच्या सादिया वकीलबाईंनी सगळ्यांना समोर बसवलं.

"तुळसा आईकडे राहील यावर तुमचं एकमत आहे, चांगलंय," त्या म्हणाल्या. "आता वडिलांनी तिला कधी न्यायचं, सण, सुट्ट्या कशा वाटायच्या, हे ठरवा. नोव्हेंबरभर तसं वागून बघा. जमलं तर एक डिसेंबरच्या तारखेला लेखी देऊ. नाही जमलं तर भांडावं लागेल, आणि त्यात पोरीची वर्षं जातील."

रेश्माचे वडील येसाजीराव मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "मंग भांडू! आमी काय घाबरतो?"

रेश्मा खिडकीबाहेर बघत होती, प्रवीण बुटांकडे. मला राहवेना. मी उठून उभा राहिलो.

"वकीलबाई, वेळापत्रकाचं माझ्यावर सोडा!"

वकीलबाईंनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "बरं."

आठ दिवस मी खपलो. चौदा पानं झाली! पहिला आणि तिसरा शनिवार प्रवीणचा, निळ्या रंगात. दुसरा आणि चौथा रेश्माचा, गुलाबी रंगात. ज्याचा रंग, त्यानं साडेअकराला पोलादपूरच्या शाळेच्या फाटकातून तुळशीला घ्यायचं. गणपती, दिवाळी, शिमगा, सगळ्यांची वाटणी. वीस मिनिटांपेक्षा उशीर झाल्यास काय, रस्त्यात दरड आल्यास काय, पोरीला गालगुंड झाल्यास काय, सगळं लिहिलं! आणि पूर्ण महिन्याचा सारांश एका कार्डावर उतरवून, त्यावर प्लास्टिक चढवून, एक प्रवीणला, एक रेश्माला आणि एक तुळशीच्या दप्तरात. खाली ठळक अक्षरात: 'चौकशीसाठी संपर्क, काशीराम', आणि माझा मोबाइल नंबर.

आमची शकू, म्हणजे आमची सौभाग्यवती, ते कार्ड हातात घेऊन बराच वेळ बघत राहिली.

"अहो, पोरीला विचारलंत का काही?"

"शकू, प्रवाशाला विचारून कोणी टाइमटेबल करतं काय?"

ती काही न बोलता आत गेली. तिचा हा एक दुर्गुण आहे. बोलायच्या वेळी गप्प बसते.

आणि काय सांगू, वेळापत्रक धावलं! पहिला शनिवार, प्रवीण. दुसरा, येसाजीराव आपल्या मुलीच्या वतीनं फाटकाशी हजर. तिसरा, प्रवीण. चौथा, येसाजीराव. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. चवदार तळ्याच्या कडेला संध्याकाळी आमची निवृत्तांची बैठक असते, तिथे मी ते कार्ड इतक्या वेळा दाखवलं, की शेवटी शेवटी मी खिशात हात घातला तरी माणसं उठून चालायला लागायची.

मग आला शनिवार, एकोणतीस नोव्हेंबर.

सकाळी साडेअकराच्या सुमारास शकूनं मिक्सर लावला होता. आमचा मिक्सर खोबरं वाटतो की खडी फोडतो, हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. त्यात माझा फोन वाजला. अनोळखी नंबर, बाईचा आवाज.

"काका, कार्डावर तुमचा नंबर…" घर्रर्र! "…तिघींना सवल…" घर्रर्र! "…चालेल ना?"

निवृत्त झालो तरी माझा नंबर अर्ध्या तालुक्याकडे आहे. अजून लोक गाड्यांचं विचारतात. सवलत! बिचारीला बायकांच्या अर्ध्या तिकिटाचं विचारायचं असणार. माझ्यातला वाहतूक नियंत्रक खडबडून जागा झाला.

"चालेल म्हणजे? धावेल!" मी मिक्सरच्या वर आवाज काढून ओरडलो. "तिघी बायका ना? मग तिघींनाही! बिनधास्त जा! कोणी अडवलंच तर माझं नाव सांगा, काशीराम!"

"बरं झालं काका. पाचपर्यंत आणून सोडते हं."

फोन ठेवल्यावर मी शकूला म्हणालोसुद्धा, "काय सुसंस्कृत प्रवासी! परत कधी येणार तेही सांगून गेली!"

दीड वाजता रेश्माचा फोन आला. "मामा, प्रवीणना सांगा, तुळशीच्या खोकल्याचं औषध दप्तराच्या पुढच्या कप्प्यात आहे. जेवल्यावर द्यायचंय."

मी प्रवीणला फोन लावून निरोप जसाच्या तसा पोचवला.

"कोणाला द्यायचं औषध?" प्रवीण म्हणाला.

"तुळशीला!"

"मामा, तुळशी माझ्याकडे कुठाय? माझा पहिला आणि तिसरा. आज माझा वार नाही!"

मी रेश्माला फोन लावला. "अगं, प्रवीण म्हणतो आज त्याचा वार नाही."

"असं कसं? गेला शनिवार माझा होता, म्हणजे हा त्यांचा! म्हणूनच बाबा शाळेत गेले नाहीत." तिचा आवाज एकदम चढला. "आणि नाही म्हणतात? मामा, म्हणजे पोरीला घेऊन कुठंतरी गेले आणि वर नाही म्हणतात!"

मागून येसाजीराव गरजले, "पळवलान! माझ्या नातीला पळवलान! रिक्षा बोलव गो!"

मी घाईघाईनं प्रवीणला फोन करतो तो काय, तो आधीच मोटरसायकलवर! "मामा, कळलं मला! तारखेच्या दोन दिवस आधी पोरीला लपवायची आणि आळ माझ्यावर घालायचा! येसाजीरावांचंच डोकं! मी निघालो पोलादपूरला!"

"अरे प्रवीण, ऐक…"

फोन बंद!

पुढचा अर्धा तास मी कार्ड हातात घेऊन घरात येरझारा घातल्या. निळा, गुलाबी, निळा, गुलाबी. चार रकाने. चार. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेलो आणि बोटानं शनिवार मोजले. एक, आठ, पंधरा, बावीस. आणि त्याच्याखाली, चोरासारखा दबा धरून बसलेला, एकोणतीस!

"शकू," मी म्हणालो, "काही महिन्यांत पाच शनिवार असतात काय गं?"

शकूनं पदरानं तोंड झाकलं. हसायला की रडायला, हे मी विचारलं नाही.

तेवढ्यात माझा फोन वाजला. प्रवीण, पोलादपुरातून.

"मामा, घराला कुलूप! पळाली!"

त्याच क्षणी शकूचा फोन वाजला. रेश्मा, महाडात प्रवीणच्या खोलीबाहेरून.

"मामी, खोलीला कुलूप! पळाले!"

माझ्या डोक्यात लखकन उजेड पडला. हायवेवर कुठंतरी दोघं एकमेकांच्या शेजारून गेले होते. आणि आता तो तिच्या कुलपापुढे उभा राहून तिला शिव्या देत होता, ही त्याच्या कुलपापुढे उभी राहून त्याला! मला हसू फुटलं. पण ते अर्ध्यावरच थांबलं. दोघं इथे एकेकटे आहेत, तर मग पोरगी?

शकूनं माझ्या हातातला फोन काढून घेतला. एका हातात माझा, एका हातात तिचा. दोन्ही स्पीकरवर टाकले आणि एकमेकांच्या तोंडाला तोंड लावून धरले, एक सुलटा, एक उलटा. दोन्हींना खोबरं लागलं होतं.

"आता बोला," ती म्हणाली.

मग एका फोनमधून प्रवीणचा आवाज आला, अगदी बारीक.

"रेश्मा?"

"हं."

"तुळशी… तुझ्याकडे नाही?"

"नाही. तुमच्याकडे?"

"नाही गं."

दहा महिन्यांनी दोघं एकमेकांशी बोलत होते, आणि हे बोलत होते! एकतीस वर्षांत माझ्या कित्येक गाड्या चुकल्या, रखडल्या, एक तर चुकून श्रीवर्धनला जायची ती खेडला गेली. पण माणूस हरवला नव्हता कधी. आता हरवली होती ती आठ वर्षांची, तीही माझ्या अक्षरातल्या कार्डामुळे.

"मी इथल्या शाळेत जातो," प्रवीण म्हणाला. "फोन ठेवू नकोस."

"नाही ठेवत," रेश्मा म्हणाली.

खोलीवरून आमचं घर पाच मिनिटांवर. फोन कानाला तसाच धरून रेश्मा आमच्या दारात आली, मागे येसाजीराव. मिशी खाली आली होती माणसाची. मला वाटलं होतं अंगावर येतील, पण ते नुसते उंबऱ्यात टेकले. "पानी द्या गो वैनी जरा," एवढंच म्हणाले. ते बघून मी जास्तच घाबरलो.

फोनमधून शाळेचं लोखंडी फाटक वाजलं. मग शाळेचा शिपाई सोमा, याचा आवाज.

"तुळसा? ती गेली की साडेअकराला! तिच्या मैत्रिणीच्या, नशराच्या आईबरोबर. पांढरी व्हॅन होती."

"तुम्ही सोडलीत कशी?" प्रवीण ओरडला.

"अशी नाय सोडली! पोरीनं कार्ड दाखवलंन. त्या बाईनं कार्डावरच्या सायबाला फोन लावलान. सायेब म्हणाला, बिनधास्त जा, कोणी अडवलं तर माझं नाव सांगा! मी अडवलं. तिनं नाव सांगितलंन. काशीराम!"

आमच्या खोलीत माझ्याशिवाय माणसं तीन होती, पण माझ्याकडे तीसेक डोळे वळल्यासारखे वाटले.

मी फोनची यादी उघडली. अकरा बत्तीस, अनोळखी नंबर. सवल… तिघींना सवल…

"सवला!" मी किंचाळलो. "सवलत नव्हे! सवला! सव गावाला, गरम पाण्याच्या कुंडावर! ती विचारत होती, तिघींना सवला नेऊ का!"

"आणि तुमी काय सांगितलात?" येसाजीराव उभे राहिले. मिशी पुन्हा वर आली.

"मला वाटलं… अर्धं तिकीट…"

"थांबा, तुमाला देतो मी सवलत!"

शकू मधे आली म्हणून हा मजकूर तुमच्यापर्यंत पोचतो आहे. त्या नंबरावर फोन लावला, तर 'संपर्क क्षेत्राबाहेर'. मग काय, निघालो! रिक्षात मी आणि रेश्मा, मधे मला धाक म्हणून येसाजीराव. शहराबाहेर रस्त्याच्या कडेला प्रवीण मोटरसायकल घेऊन थांबला होता. पोलादपूरहून तो कसा आला असेल, ते त्याच्या डोक्यावरच्या उभ्या केसांवरून कळत होतं. रिक्षावाला म्हणाला, "दोन मिनटं, हवा बघतो चाकाची." रेश्मा खाली उतरली. तडक गेली आणि प्रवीणच्या मागे बसली. प्रवीणनं किक मारली.

आम्ही सवला पोचलो तेव्हा कुंडावर वाफ होती आणि पलीकडे सावित्री शांत पडून होती. एक म्हातारी गुडघ्यापर्यंत पाण्यात पाय सोडून डोळे मिटून बसली होती. तिच्याशेजारी दोन पोरी पाण्यात पाय आपटत होत्या. एक नशरा. आणि दुसरी, फ्रॉक वर खोचलेली, चिंब भिजलेली, खोकल्याचा मागमूस नसलेली, आमची तुळशी!

रेश्मा धावत गेली आणि तिला भिजल्या अंगासकट उचलून छातीशी धरलं. प्रवीण पायरीपर्यंत पोचला. बुटांसकट ओल्या पायरीवर बसला आणि तुळशीचं एक पाऊल हातात धरून राहिला. ते एकच काय ते त्याच्या वाट्याला उरलं होतं.

तुळशी आईच्या खांद्यावरून कधी याच्याकडे बघे, कधी तिच्याकडे.

"आई? पप्पा? दोघं? आज दोघांचा वार आहे?"

तिनंच पुढे सांगितलं, "कार्डात आज कुठलाच रंग नव्हता. मला वाटलं, आज माझा वार."

माझी मान जी खाली गेली, ती कुंडात माझंच तोंड दिसेपर्यंत गेली.

नशराची आई हाजरा कावरीबावरी झाली होती. "ताई, खरंच विचारून आणलं हो! अम्मीचे गुडघे धरलेत, म्हणून इथे येणार होतो. तुळसा म्हणाली आज मला कोणी न्यायला येणार नाही. तिला एकटी फाटकात कशी सोडू? म्हणून काकांना फोन केला. काका म्हणाले…"

"ठाऊक आहे," प्रवीण म्हणाला. "धावेल."

पहिलं हसू रेश्माला फुटलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. "सवलत!" ती म्हणाली. मग प्रवीणला आवरेना. "तिघींनाही!" हाजराला काही कळत नव्हतं, तरी तीही हसायला लागली. तिची म्हातारी आई डोळे न उघडता येसाजीरावांना म्हणाली, "बसा हो भाऊ. पाय सोडा पाण्यात. राग पायातून उतरतो."

येसाजीरावांनी थोडा विचार केला, धोतर वर घेतलं आणि पाय सोडले. "हाय खरा गरम," म्हणाले. पाच मिनिटांनी मलाही बसायची परवानगी मिळाली, दुसऱ्या टोकाला.

तिकडे वरच्या पायरीवर तिघं बसली होती. मधे तुळशी, टॉवेलात गुंडाळलेली. तिला पहिल्यांदाच कोणीतरी विचारत होतं आणि ती बोटांवर मोजून सांगत होती. रविवारी सकाळी चित्रकलेचा वर्ग असतो, म्हणून पप्पांनी शनिवारीच न्यावं. दिवाळीत फटाके पप्पांबरोबर, अभ्यंगस्नान आईकडे. "आणि बुधवारी मला पप्पांशी फोनवर बोलायचंय," ती म्हणाली. मग माझ्या दिशेनं बघून तिनं आवाज खाली आणला, पण पाण्यावरून आवाज फार लांब जातो. "डायरेक्ट. मामाआजोबा मधे नको."

नाही, दोघं परत एकत्र आली नाहीत. परतताना रेश्मा व्हॅनमधून तुळशीबरोबर पोलादपूरला गेली आणि प्रवीण आपल्या खोलीवर. पण व्हॅन सुटताना तो खिडकीशी वाकून म्हणाला, "पोचलात की कळव." आणि तासाभरानं तिनं कळवलं. त्याला. मला नाही! त्या संध्याकाळी माझा फोन एकदाही वाजला नाही. इतकं मोकळं मला निवृत्तीच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

सोमवारी वकीलबाईंच्या ऑफिसात माझी चौदा पानं टेबलाच्या खणात गेली आणि एक पान बाहेर आलं. दोघांनी रविवारी फोनवर बसून केलेलं. अटी सगळ्या साध्या. अडचण आली तर एकमेकांना फोन करायचा. पाचवा शनिवार असेल तेव्हा तुळसा म्हणेल तसं. येसाजीरावांनीसुद्धा मान डोलावली, भांडायचं नाव काढलं नाही.

शेवटची अट वाचताना वकीलबाईंना ठसका लागला. पाणी प्यायल्या आणि वाचलं, "श्री. काशीराम यांनी यापुढे या बाबतीत कोणतेही वेळापत्रक तयार करू नये. केल्यास ते दोन्ही पक्षांवर बंधनकारक राहणार नाही."

"हे कोणी घातलं?" मी विचारलं.

"आम्ही दोघांनी!" प्रवीण आणि रेश्मा एका सुरात म्हणाले.

आता मला सांगा, ज्या नवराबायकोचं दहा महिने कशावर जमत नव्हतं, त्यांचं एका गोष्टीवर इतकं घट्ट एकमत व्हावं, आणि ते माझ्यामुळे! कोणाला जमलं असतं हे? मी छाती पुढे काढली, साक्षीदाराच्या जागी झोकदार सही ठोकली, खाली तारीख घातली आणि कागद वकीलबाईंकडे सरकवला.

त्यांनी तो बघितला आणि हळूच परत माझ्याकडे सरकवला.

"काका," त्या म्हणाल्या, "डिसेंबर लागला."